बालविभागाचं दार

लाकडी कपाट पावसाळ्यात फुगतं आणि त्याचं दार घासायला लागतं, हे कुणालाही माहीत असतं. पण आमच्या वाचनालयातली कपाटं लोखंडी होती. त्या श्रावणात कादंबऱ्यांच्या कपाटाचं दार लागेना, तेव्हा ग्रंथपाल बाई सहज म्हणाल्या, "पावसानं फुगलं असेल." आम्ही दोघं-तिघं सभासद समोर होतो, आम्हीही मान डोलावली. घरी परतताना रिक्षात बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लोखंड कसं फुगेल? दार होतं तसंच होतं. कपाट तिरकं झालं होतं. आणि कपाट आपणहून तिरकं होत नाही, त्याच्या खालची जमीन खचली तरच होतं.

शेजारी नवऱ्याच्या मांडीवर मुलगी बसली होती, पलीकडे बाबा नव्या पुस्तकाची पहिली पानं चाळत होते. तिघंही मजेत होते. 

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. आई गेल्यावर माझे बाबा आमच्याकडे राहायला आले, आणि घरातल्या रविवारच्या सकाळी त्यांनी ताब्यात घेतल्या. त्याआधीही नवरा आणि मी वाचनालयात जायचो, पण जमेल तसं. बाबा आल्यापासून त्याला नेम आला. शनिवारी संध्याकाळी घरभर पसरलेली पुस्तकं गोळा व्हायची. नवऱ्याचं रहस्यकथांचं पुस्तक हमखास फ्रिजवर सापडायचं, माझं उशीखाली. बाबांचं मात्र कधी शोधावं लागत नसे. ते वर्तमानपत्राचं कव्हर घालून, दाराजवळच्या खुर्चीवर, निघायला तयार असल्यासारखं ठेवलेलं असायचं.

बाबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांचे आवाज ऐकल्यामुळे की काय, उच्चारांच्या बाबतीत फार काटेकोर. आमची मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, इंग्रजी शाळेत जाणारी. तिला मराठी वाचता आलंच पाहिजे असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत बालविभाग होता. तिथून ती दर रविवारी एक गोष्टीचं पुस्तक घ्यायची आणि संध्याकाळी बाबांसमोर बसून मोठ्यानं वाचायची. जोडाक्षर आलं की अडखळायची.

"आश्चर्य," बाबा म्हणायचे. "आशचरय नाही. परत म्हण."

"आजोबा, तुम्हाला समजलं ना? मग झालं तर."

"मला समजलं. पण लिहिणाऱ्यानं त्या शब्दावर मेहनत घेतलीय, तिचं काय?"

एक चूक सोडायचे नाहीत. स्वयंपाकघरात मी पोळ्या लाटत असायचे आणि बाहेरून त्यांचं "परत म्हण" ऐकू यायचं. ती चिडायची, पाय आपटायची, आणि परत म्हणायची.

वाचनालय होतं एका जुन्या तीनमजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावर दुकानं होती. पहिल्या मजल्यावर पूर्वी एक दवाखाना आणि क्लास होते, पण ते केव्हाच सोडून गेलेले. इमारत धोकादायक असल्याची नोटीस दर पावसाळ्याच्या तोंडावर जिन्याच्या भिंतीवर लागायची. सवयीनं ती कुणी वाचेनासं झालं होतं. त्या वर्षी मात्र जिन्याच्या मधल्या वळणाखाली लोखंडी टेकू लावलेले दिसले. त्यांच्यामधून अंग चोरून वर जावं लागायचं.

मी मुळातच छताकडे बघणारी बाई आहे. लहानपणी आम्ही कळव्याला राहायचो. एका दुपारी आई पाणी आलं म्हणून पलंगावरून उठली, आणि ती जिथे झोपली होती तिथे, उशीवरच, छताच्या गिलाव्याचा परातीएवढा तुकडा पडला. मी तिच्या शेजारी झोपले होते. मला खरचटलंसुद्धा नाही. पण तेव्हापासून कुठल्याही खोलीत शिरले की माझी नजर आधी वर जाते. नवऱ्याला हे माहीत आहे. बाबांनाही माहीत होतं, पण त्यांना ते पटत नसे.

कपाटाचं मी त्यांना रात्री जेवताना सांगितलं.

"बाबा, आपण थोडे दिवस नको जाऊया तिथे."

"अगं, नोटीस लागलेली प्रत्येक इमारत पडायची असती तर निम्मी डोंबिवली आज जमीनदोस्त असती. तू भीतीला खाऊपिऊ घालतेस."

"लोखंडी कपाट तिरकं झालंय बाबा."

"मग त्याच्याखाली पुठ्ठा सरकवतील. तू भाजी वाढ."

पुढच्याच रविवारी वाचनालयाच्या कार्यकारिणीनं सूचना लावली. नवी जागा मिळाली होती, हलवाहलव आठवड्याभरात सुरू व्हायची होती. सभासदांना विनंती केली होती, की येत्या रविवारी प्रत्येकानं जमतील तेवढी पुस्तकं घरी न्यावीत आणि नव्या जागेत आणून द्यावीत. तेवढाच हमालीचा भार कमी. ही कल्पना सगळ्यांना फार आवडली. बाबा तर हरखूनच गेले. "घरी शंभरेक पुस्तकं! आणि परत करायची घाई नाही!" त्यांनी माळ्यावरच्या प्रवासी बॅगा काढून पुसून ठेवल्या.

मी नवऱ्याला म्हटलं, "तू एकटा जाऊन आण. बाबांना आणि हिला नको."

त्यानं बाबांना सुचवून पाहिलं. बाबा म्हणाले, "इतकी वर्षं ज्या जागेनं मला वाचायला दिलं, तिचा निरोप न घेता बसू घरात?" आणि मुलीला तिची पुस्तकं तिलाच निवडायची होती. आम्ही कुणी निवडली असती तर तिनं महिनाभर आम्हाला ऐकवलं असतं.

"अर्ध्या तासात बाहेर पडू," नवरा मला म्हणाला. "चल ना. मी आहे ना."

गेलो.

रात्रभर पाऊस लागून सकाळी उघडला होता. जिन्यात पोचलो तर लग्नाच्या हॉलसारखी गर्दी. पिशव्या, गोण्या, एका आजींनी तर चाकांची सुटकेस आणली होती. टेकूंच्या मधून लोक एकमेकांना वाट देत, हसत, वर-खाली करत होते. इतकी माणसं मी त्या वाचनालयात कधी पाहिली नव्हती. एरवी मला आनंद झाला असता. पण तेव्हा माझ्या मनात एकच हिशेब चालू होता, की ही सगळी माणसं मिळून त्या जमिनीवर किती ओझं होत असेल.

वर पोचल्यावर मुलगी थेट मागे पळाली. पुढे मोठा हॉल, त्याच्या टोकाला एक अरुंद बोळ, आणि बोळाच्या शेवटी बालविभागाची खोली. तिच्या दारावर कुणा जुन्या सभासदानं पोपट आणि हत्ती रंगवलेले. दाराच्या वर उजेडासाठी एक चौकोनी झडप होती, तिची काच कधीच गेलेली.

हॉलमधली एक लादी माझ्या पावलाखाली पोकळ वाजली. शेजारची लादी दोन बोटं वर उचकटलेली होती. मी तिच्यावरून पाय काढून घेतला. नवऱ्यानं भराभर दोन बॅगा भरल्या. "या खाली चपलांच्या दुकानात ठेवून येतो, मग उरलेल्या नेऊ," म्हणून तो उतरला. मी बाबांना म्हटलं, "बास झालं. हिला घेऊन निघूया." बाबा म्हणाले, "तू या पिशव्या बांध. मी आणतो तिला." आणि ते बोळातून मागे गेले.

मी त्या तिरक्या कपाटासमोरच उभी होते. हातातल्या पुस्तकावर पांढरी पूड दिसली. मी ती ओढणीनं पुसली. परत पडली. आवाज असा काही नव्हता. घड्याळ बंद पडलेल्या खोलीत कुणीतरी रांगोळी सोडावी, तेवढीच सूक्ष्म सरसर. मी वर पाहिलं. छताला एक भेग होती, ती बोळाच्या दिशेनं गेलेली होती, आणि तिच्यातून पूड गळत होती.

मी ओरडून सगळ्यांना सांगायला तोंड उघडलं.  

आणि मग खडीनं भरलेला ट्रक आपल्या पायाखालीच रिकामा करावा तसा आवाज झाला. जमीन एकदम खाली गेली, लिफ्ट सुटते तशी, आणि थांबली. सगळं पांढरं झालं. नाकातोंडात धूळ.  कुणाचा तरी मोबाइल शांतपणे वाजत होता.

नंतर आरडाओरडा सुरू झाला. लोक जिन्याकडे धावले. ग्रंथपाल बाई दारात दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या आणि किंचाळल्या, "कुणी पुढे जाऊ नका! जिना नाहीये! जिना नाहीये!" खरंच नव्हता. मधलं वळण टेकूंसकट खाली गेलं होतं. दाराबाहेर दोन पायऱ्या आणि मग नुसती पोकळी.

मी जिन्याकडे गेलेच नाही. मी बोळाकडे धावले.

बोळाचं अर्धं छत खाली आलं होतं. एक तुळई तिरपी होऊन बालविभागाच्या दारावर टेकली होती. तिच्या पायथ्याशी कंबरेएवढा ढिगारा होता, सळया बाहेर आलेल्या. पोपट-हत्तींपैकी फक्त एका हत्तीची पाठ दिसत होती. मी हाका मारल्या. मुलीला, बाबांना, परत मुलीला. उत्तर नाही. ढिगाऱ्यातला एक तुकडा उचलून बाजूला टाकला, तर वरून भसकन माती आली आणि तुळई किरकिरली. मी हात मागे घेतला. हात लावला तर मीच त्यांना गाडीन, आणि नाही लावला तर? 

तेवढ्यात वरच्या झडपेतून आवाज आला. "आई?"

"बाळा! लागलंय का तुला?"

"नाही. मी टेबलाखाली आहे."

"आजोबा कुठेत?"

"इथेच. खाली बसलेत."

"त्यांना म्हणावं, माझ्याशी बोला."

आत कुजबुज झाल्यासारखं वाटलं. मला बाबांचा आवाज ऐकू आला नाही. मग ती म्हणाली, "आजोबा म्हणतात मी मोठ्यानं वाचायचं. थांबायचं नाही."

आणि ती वाचायला लागली. एका कुंभाराच्या गाढवाची गोष्ट होती. गाढव एकटंच बाजाराला निघतं, असं काहीतरी. तिचा आवाज पातळ झाला होता, पण ती वाचत होती, बोटानं ओळ धरून वाचते तशी, एकेक शब्द सुटा करत. मी ढिगाऱ्याच्या अलीकडे भिंतीला धरून उभी राहिले. ती बोलतेय, म्हणजे ती आहे. बाबा तिच्याजवळ आहेत. मी स्वतःला हेच सांगत होते.

"मोठा रस्ता बघून गाढवाला फार आशचरय वाटलं," तिनं वाचलं.

मी वाट पाहिली.

ती पुढचं वाक्य वाचायला लागली.  बाबा काही बोलले नव्हते. पुढे 'उत्कंठा' आलं, तेही तिनं मोडून तोडून वाचलं. आत सगळं शांत. बाबांनी चूक सोडली असं माझ्या आठवणीत कधी झालं नव्हतं. ताप असताना, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर पट्टी बांधलेली असताना, आई गेली त्या महिन्यातसुद्धा त्यांनी कुणाची चूक सोडली नव्हती.

"बाळा," मी आवाज शक्य तितका साधा ठेवून म्हटलं, "आजोबा ऐकतायत ना?"

"हो. डोळे मिटून ऐकतायत."

पायाखालची जमीन आत्ता खऱ्या अर्थानं सरकली. "त्यांचा हात धर हं," मी म्हटलं.

"मी धरलाय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "ते धरत नाहीयेत."

यावर आठ वर्षांच्या मुलीला काय सांगायचं? त्यांना हलवून बघ? छातीवर कान ठेव? आणि तिनं ठेवला आणि तिला काही ऐकू आलं नाही तर त्या खोलीत ती एकटी काय करेल? मी म्हटलं, "दमले असतील. तू वाच. छान वाचतेयस." आणि भिंतीवर कपाळ टेकलं.

कुणीतरी मागून माझी ओढणी घट्ट पकडली. ग्रंथपाल बाई होत्या. हॉलच्या उंबऱ्याशी चौकटीला एका हातानं धरून उभ्या. "ताई, मागे या. हा बोळ राहील असं वाटत नाही."

"मी नाही येणार."

त्यांनी परत सांगितलं नाही. "बरं. मी धरलंय तुम्हाला," एवढंच म्हणाल्या आणि ओढणी हाताला गुंडाळून तिथेच उभ्या राहिल्या. त्याही थरथरत होत्या. ते थरथरणं ओढणीतून माझ्यापर्यंत येत होतं.

माझा फोन वाजत होता, तो बराच वेळ वाजत असावा. नवरा होता. "तू आहेस? ती कुठेय? बाबा?" तो ओरडत होता. जिना कोसळला तेव्हा तो चपलांच्या दुकानात होता. दुकानदारानं त्याला दंडाला धरून रस्त्यावर ओढलं होतं. मी सांगितलं, दोघं मागच्या खोलीत आहेत. ती बोलतेय. बाबा बोलत नाहीयेत.

 तो म्हणाला, "मी मागच्या गल्लीत जातो. तिकडून खिडकी दिसते. तू फोन ठेवू नकोस."

पुढचं मला फोनमधूनच कळत गेलं. मागची गल्ली जेमतेम रिक्षा जाईल एवढी, आणि दोन्ही बाजूंना दुचाक्या लावलेल्या. अग्निशमन दलाची गाडी तोंडाशीच अडकली. "ए उचला, उचला, गटारात टाका, नंतर बघू!" असा नवऱ्याचा आवाज, मग अनेकांचे आवाज, दुचाक्या आपटल्याचे, काच फुटल्याचे. जवानांनी शिडी खांद्यावर घेऊन आत आणली. आणि मग तो म्हणाला, "खिडकीला ग्रिल आहे. कापावं लागेल."

झडपेतून मुलीचा आवाज येतच होता. गाढव बाजारात पोचलं होतं. तिचा घसा बसत चालला होता. मी मधेच म्हणायचे, "हं, मग?" आणि ती पुढे वाचायची.

ग्रिल कापायला सुरुवात झाली तो आवाज मी विसरू शकत नाही. यंत्राची करकर अख्ख्या भिंतीतून अंगात शिरली. बोळाच्या छतातून पुन्हा पूड गळायला लागली, यावेळी धारेनं. ग्रंथपाल बाई रामाचं नाव घेत होत्या. आणि त्या आवाजात मुलीचं वाचणं बुडून गेलं. ती वाचतेय की थांबलीय, कळायला मार्ग नव्हता. मी ओरडून हाक मारली, माझाच आवाज मला ऐकू आला नाही. त्या दिवसातला सगळ्यात भयंकर काळ तोच. तुळईकडे बघत मी देवाशी घासाघीस करत होते. आधी म्हटलं दोघं दे. मग भीतीनं मागणी कमी करत गेले, ते इथे लिहवत नाही.

करकर थांबली. काहीतरी जड खाली पडलं. आणि झडपेतून एक अनोळखी, दमदार आवाज आला.

"ताई, पोरगी माझ्याकडं हाय! धडधाकट हाय!"

"आणि बाबा?"

आत काहीतरी सरकवल्याचा आवाज आला.  मग तो म्हणाला, "श्वास चालू हाय. डोक्याला मार हाय. तुम्ही आता पुढं जा, आमचे लोक तुम्हाला उतरवतील. इथं थांबू नका."

पुढच्या खिडकीतून आम्हाला एकेक करून शिडीवरून उतरवलं. सुटकेसवाल्या आजींना एका जवानानं पाठीवर घेतलं होतं. शिडीवर माझा पाय पुढे पडेना. खालून सगळे सांगत होते, बघू नका, उतरा. मी कशी उतरले ते आठवत नाही. खाली मुलगी नवऱ्याच्या कडेवर होती, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, पापण्यासुद्धा पांढऱ्या. ती रडत नव्हती. तिला घेतलं तेव्हा तिचं अंग लाकडासारखं ताठ लागलं.

बाबांना कल्याणच्या हॉस्पिटलात नेलं. डोक्याला खोल जखम, खांद्याचं हाड मोडलेलं. दुपार उलटून गेल्यावर त्यांना शुद्ध आली. बाकीच्यांत काहींना मार बसला, एकाचा पाय मोडला, पण गेलं कुणी नाही. हे वाक्य मी आजही हळू आवाजातच बोलते.

मला वाटलं होतं, बाबा डोळे उघडतील आणि काहीतरी खवचट बोलतील. ते नजर वॉर्डच्या छतावर लावून पडून राहिले. मी जवळ गेले तर त्यांनी बऱ्या हातानं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की दोन दिवस वळ राहिले.

"वर बघ," ते पुटपुटले. "तो पंखा हलतोय. हिला इथून ने. सगळ्यांना ने."

पंखा नुसता फिरत होता. मी सिस्टरना सांगून तो बंद करवला. ज्या माणसानं जन्मभर माझ्या भीतीची टिंगल केली, तो माझ्या हाताला धरून कापत होता. मला तेव्हा जे वाटलं त्यात सुटका नव्हती. आता घरात न घाबरणारं कुणी उरलं नाही, असं काहीतरी होतं ते.

मुलगी पुष्कळ दिवस त्या खोलीबद्दल काही बोलली नाही. शाळेत जायची, जेवायची. रात्री आमच्या मधे झोपायला लागली. एक दिवस मी तिची वेणी घालत होते, आरशात बघत ती आपणहून सांगायला लागली. छत पडायला लागलं तेव्हा आजोबांनी तिला टेबलाखाली ढकललं. ते स्वतः आत मावले नाहीत. मग म्हणाले, मोठ्यानं वाच, म्हणजे बाहेरच्यांना कळेल आपण कुठे आहोत. आणि वर बघू नकोस, पुस्तकात बघ.

"आणि मग ते झोपले," ती म्हणाली.

"तुला वाटलं झोपले?"

"नाही." ती माझ्याकडे न बघता आरशातल्या स्वतःकडे बघत होती. "आई, मला आश्चर्य म्हणता येतं. खूप आधीपासून येतं. मी मुद्दाम चुकलेले."

माझा वेणीतला हात थांबला.

"मला वाटलं, चुकले की ते बोलतील. म्हणून मी अजून चुकले. सगळेच शब्द चुकवले. तरी ते बोलले नाहीत." आणि मग, त्या दिवसानंतर पहिल्यांदा, ती रडली. मी तिला मांडीवर घेऊन जमिनीवर बसून राहिले. बोळात उभी राहून मी जे ओळखलं होतं, ते तिनं माझ्याआधीच ओळखलं होतं. टेबलाखाली, एकटीनं. आणि मी तिला सांगत होते, छान वाचतेयस.

इमारत पुढे पाडली. पाडण्याआधी पुस्तकं काढायला परवानगी मिळाली तोवर पावसानं त्यांचा लगदा झाला होता. वाचली ती सभासदांनी त्या सकाळी घरी नेलेली. चपलांच्या दुकानात ठेवलेल्या आमच्या दोन बॅगाही सापडल्या, धुळीनं माखलेल्या पण कोरड्या. त्याच पुस्तकांवर नवं वाचनालय सुरू झालं. ठरलेली जागा वरच्या मजल्यावर होती, ती कुणालाच नको झाली. आता ते एका जुन्या बैठ्या शाळेच्या दोन खोल्यांत आहे.

बाबा जायचं नाव काढत नव्हते. मी कधी विषय काढला नाही. नवऱ्यानंच एकदा काढला, तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला.

"वर काय आहे?"

"पत्रा."

"नुसता पत्रा?"

"नुसता पत्रा, बाबा."

"बघू," ते म्हणाले, आणि पुढच्या रविवारी कपडे करून तयार झाले.

आता पुन्हा जातो आम्ही. बाबा दाराशी, अर्धे आत अर्धे बाहेर अशी खुर्ची घेऊन बसतात. मुलीला मी नजरेआड होऊ देत नाही. ती वैतागते, दहा वर्षांची झाली आता. "आई, मी बाजूच्याच कपाटापाशी आहे ना!" असेल. मला ती दिसायला हवी.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची सकाळ, आत बरीच माणसं. शाळेच्या मैदानात पोरं भुरभुर पावसातच क्रिकेट खेळत होती. अचानक पत्र्यावर धाडकन काहीतरी आदळलं. मी मुलीला दंडाला धरून बाहेर कधी आले ते मला कळलंच नाही. अंगणात आले तर ग्रंथपाल बाई बाहेर, नवरा बाहेर, सुटकेसवाल्या आजी बाहेर, सगळे जुने सभासद अंगणात, कुणाच्या हातात पुस्तक, कुणाच्या चष्मा. आत नवे सभासद तसेच खुर्च्यांवर बसून आमच्याकडे बघत होते. पत्र्यावरून एक रबरी चेंडू घरंगळत खाली आला.

कुणी हसलं नाही. एकेक जण मान खाली घालून आत गेला. मुलगीही माझा हात सोडवून गेली. बाबा मात्र हलेनात. भिजत, छताकडे बघत उभे राहिले.

"चला बाबा, चेंडू होता," मी म्हटलं.

"हो, दिसला मला," ते म्हणाले. "तू जा."

मी गेले नाही. दोघांची पुस्तकं ओढणीखाली धरून त्यांच्या शेजारी उभी राहिले.